जपानमध्ये बालवाडीच्या बाई म्हणून जाताना

ठाण्यात नऊ वर्षं शिशुवर्ग सांभाळल्यावर मी टोकियोला गेले आणि तिथल्या एका इंग्रजी माध्यमाच्या बालशाळेत सहा वर्षं शिकवलं. आता दर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणा ना कुणा मैत्रिणीच्या मैत्रिणीचा फोन येतो. नवऱ्याची बदली झालीय, किंवा स्वतःलाच नोकरी मिळतेय, तर काय काय बघायचं? फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून क्रमाने लिहून काढते आहे. दोन ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवायला जाणाऱ्यांसाठी हे आहे. मोठ्या वर्गांचं काम वेगळं, त्याबद्दल मी बोलत नाही.

1. कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं, ते आधी ठरवा

आपण ज्याला सरसकट बालवाडी म्हणतो, त्याचे तिथे निदान चार प्रकार आहेत. योचिएन म्हणजे तीन ते सहा वर्षांच्या मुलांची, दुपारी लवकर सुटणारी शाळा. होइकुएन म्हणजे नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी, अगदी तान्ह्या बाळापासून, दिवसभर चालणारी. या दोन्हीकडे वर्गाची बाई व्हायला जपानी परवाना लागतो आणि जपानी भाषा चांगली यावी लागते. तिसरा प्रकार इंग्रजीत चालणाऱ्या इंटरनॅशनल प्रीस्कूलचा. चौथा म्हणजे टोकियो आणि योकोहामा भागातल्या भारतीय शाळांचे केजीचे वर्ग.

आपल्यापैकी बहुतेकींना काम मिळतं ते शेवटच्या दोन ठिकाणी. भारतीय शाळेत वातावरण ओळखीचं असतं, शिक्षकांची खोली मराठी-हिंदी-तमिळने भरलेली असते आणि रुळायला वेळ लागत नाही. पण जपानी बालशिक्षण जवळून बघायचं असेल, तर इंटरनॅशनल प्रीस्कूल निवडा. तिथे वर्गात बहुतेक वेळा एक इंग्रजी बोलणारी बाई आणि एक जपानी बाई अशी जोडी असते. मी जे शिकले ते त्या जोडीदार बाईकडून.

जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ लिहिलेलं दिसेल. तरीही अर्ज करा. इंग्रजी माध्यमात झालेलं शिक्षण, बी.एड. किंवा बालशिक्षणाची पदविका आणि लहान मुलांसोबतचा खरा अनुभव हे तुमचं भांडवल आहे. नमुना पाठ हमखास मागतात. त्यात गाणं-गोष्ट सगळेच दाखवतात. तुम्ही दाखवा की खेळ थांबवून मुलांना आवरायला कसं लावता. मुख्याध्यापिकेला खरी काळजी त्या पाच मिनिटांची असते.

कराराचा कागद नीट वाचा. ‘ग्योमु इताकु’ असा शब्द दिसला, तर तुम्ही नोकर नसून कंत्राटदार आहात. मग आरोग्य विमा आणि पेन्शन दोन्ही स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. तयारीच्या वेळेचा पगार मिळतो का आणि वर्ग सुटल्यावरची साफसफाई कोण करतं, हेही विचारा. विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

2. व्हिसा आणि नावाचा घोळ

नोकरीवर जाणार असाल, तर शाळा तुमच्यासाठी पात्रतेचं प्रमाणपत्र काढते. सगळे त्याला सीओई म्हणतात. ते मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं. पदवी हवीच. नवऱ्याच्या मागे आश्रित व्हिसावर जात असाल, तर तिथे पोहोचून कामाची वेगळी परवानगी काढावी लागते आणि आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. सुरुवात अशीच करणाऱ्या पुष्कळ जणी आहेत, मीही त्यातलीच. ही मर्यादा ओलांडू नका, शाळेने गळ घातली तरीसुद्धा. व्हिसा वाढवायच्या वेळी सगळे तास मोजले जातात.

आता नावाबद्दल. मराठी बायकांची इथे सगळ्यात जास्त अडचण होते. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव. जपानमधलं निवास कार्ड पासपोर्टप्रमाणेच छापलं जातं, म्हणजे आधी आडनाव आणि मग ती सगळी लांबलचक माळ. बँक, फोन, विमा, सगळीकडे तेच नाव त्याच क्रमाने लागतं. माझ्या एका कागदावर मधलं नाव गळलं होतं, तेवढ्यासाठी पहिला पगार तीन आठवडे अडकला. लग्नाचा दाखला इंग्रजीत काढून ठेवा, गॅझेट केलं असेल तर त्याची प्रत ठेवा, आणि निघण्यापूर्वी प्रत्येक कागदावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा. पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पोलिसांचा दाखलाही काढून घ्या. मुलांसोबतचं काम आहे, विचारतात.

शाळेत मुलं तुम्हाला नुसत्या पहिल्या नावाने, पुढे ‘सेन्सेइ’, म्हणजे बाई, लावून हाक मारतील. जपानीत ‘ल’ नाही आणि शब्दाच्या शेवटी ‘न्’ सोडून सुटं व्यंजन येत नाही, त्यामुळे स्नेहलचं ‘सुनेहारु’ होतं. मुलांना सहज म्हणता येईल असं छोटं रूप पहिल्याच दिवशी सांगून टाका.

3. बॅगेत काय घ्यायचं

मिक्सर नेऊ नका. तिथे वीज 100 व्होल्टची आहे, आपला 230 व्होल्टचा मिक्सर गुरगुरतो आणि चटणी तशीच राहते. कुकर न्या, पण सपाट बुडाचा, कारण पुष्कळ घरांत इंडक्शनची शेगडी असते. मसाले कोरडे न्या. ताजा कढीपत्ता, फळं, बिया आणि मांसाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात.

औषधांबाबत फार जपा. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध साधारण एका महिन्याचं चालतं, त्याहून जास्त न्यायचं तर आधी परवानगी काढावी लागते. नाक चोंदल्यावर आपण घेतो त्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रीन असतं. ठराविक प्रमाणापुढे ते जपानमध्ये निषिद्ध आहे. डब्यात सवयीने पडलेली पानं एकेक वाचून बघा.

वर्गासाठी मी नेलेल्या वस्तूंपैकी सगळ्यात उपयोगी पडल्या त्या सागरगोटे, भोवरा आणि जुन्या साड्यांचे तुकडे. शैक्षणिक साहित्य तिथे मुबलक आणि सुरेख मिळतं, ते ओढत नेऊ नका. साडीचा तुकडा मात्र नदी होतो, झोळी होते, पडदा होतो.

4. पहिले चौदा दिवस

निवास कार्ड नारिता किंवा हानेदासारख्या मोठ्या विमानतळावरच हातात मिळतं. राहायची जागा ठरली की 14 दिवसांच्या आत वॉर्डाच्या कार्यालयात, म्हणजे कुयाकुशोमध्ये, पत्ता नोंदवायचा. शाळेकडून विमा नसेल, तर त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा काढून घ्या. विमा असला की दवाखान्याच्या बिलातला 30 टक्के भाग आपण भरायचा. मग फोन, मग बँक, असा क्रम ठेवा. बँकेला फोन नंबर लागतो आणि फोन कंपनीला पत्ता असलेलं कार्ड. क्रम चुकला की हेलपाटे होतात.

घरासाठी यूआर या सरकारी संस्थेच्या वसाहती बघा. खासगी घरात ठेवीशिवाय ‘रेइकिन’ नावाची परत न मिळणारी रक्कम मालकाला द्यावी लागते आणि वर जामीनदार मागतात. यूआरमध्ये रेइकिनही नाही, जामीनदारही नाही. एदोगावा वॉर्डातल्या निशि-कासाइ भागात भारतीय इतके दिसतात त्यामागे हे एक कारण आहे. दुसरं कारण तोझाइ लाइन. 2000 सालच्या आसपास संगणक क्षेत्रातले लोक आले, त्यांची कार्यालयं ओतेमाचीच्या बाजूला होती आणि ही गाडी थेट तिथे जाते. याच वॉर्डाच्या सभागृहात 2019 साली योगेंद्र पुराणिक निवडून आले, आणि पुढे 2023 मध्ये ते इबाराकी प्रांतातल्या एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. मराठी माणसाला ही वाट किती दूरवर नेऊ शकते, हे बघून मला तेव्हा फार बळ आलं होतं.

निशि-कासाइमध्ये तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं. तरी शाकाहारी असाल तर एक शब्द पाठ करा: ‘दाशि’. हे बहुधा सुकवलेल्या माशाचं पाणी असतं आणि सूप, नूडल्स, उकडलेली भाजी, अगदी अंड्याच्या वडीतही असतं. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. शाळेच्या जेवणात हे टाळता येत नाही, डबा न्या.

कचऱ्याचं वेळापत्रक फ्रिजवर लावा. जळणारा, न जळणारा, प्लास्टिकच्या बाटल्या, कागद, प्रत्येकाचा वार ठरलेला आणि सकाळी आठच्या आत ठेवायचा. शेजारी तुमच्याबद्दल मत बनवतात ते पुष्कळसं यावरून.

5. भाषा: मराठीचा मोठा आधार आहे

जपानी शिकायला घाबरू नका, हे मी अगदी मनापासून सांगते. हिरागानाची मूळ 46 अक्षरं ज्या क्रमाने मुलं शिकतात तो ऐका: अ, इ, उ, ए, ओ. मग पुढच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व यांच्या. आपल्या मुळाक्षरांचा पाढा ओळखू आला ना? बौद्ध भिक्षूंबरोबर तिथे सिद्धम् लिपी आणि संस्कृतचा अभ्यास गेला, त्यातून हा क्रम बसला. जुन्या काळी तिथले ‘स’ आणि ‘ह’चे उच्चार वेगळे होते, म्हणून ते आपल्या ‘च’ आणि ‘प’च्या जागी येतात. अमेरिकन सहकारी हा तक्ता पाठ करायला धडपडत होती, आणि मला तो दोन दिवसांत चढला. वाक्याची रचनाही आपल्यासारखीच, क्रियापद शेवटी. वाक्याच्या शेवटी आपण जसं ‘ना’ जोडतो, तसं ते ‘ने’ जोडतात.

आणि नादशब्द! चमचमला ‘किराकिरा’, धो धो पावसाला ‘झाझा’, हात चिकचिकीत झाले की ‘बेताबेता’. लहान मुलांची सगळी बोली अशा शब्दांवर चालते. मराठी माणसाचा कान त्याला आधीच तयार असतो.

वर्गात उभं राहायला लागतील ते शब्द पुस्तकातले नसतात. ओशिक्को म्हणजे शू, उन्चि म्हणजे शी. इताइ म्हणजे दुखतंय, कोवाइ म्हणजे भीती वाटते, इया म्हणजे नको. मादा म्हणजे अजून नाही, दाक्को म्हणजे उचलून घे, आबुनाइ म्हणजे जपून, लागेल! हे आठ शब्द पहिल्या आठवड्यात यायलाच हवेत. शाळा इंग्रजी माध्यमाची असली, तरी मूल रडतं ते आईच्या भाषेत.

मान हलवताना सांभाळा. आपण ‘हो हो’ म्हणून मान डावी-उजवीकडे डोलावतो, ते तिथे ‘नाही’ असं वाचलं जातं. ‘मी?’ असं विचारताना मुलं छातीवर हात न ठेवता नाकावर बोट ठेवतात. पहिल्या दिवशी चार मुलं नाकाला बोट लावून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं सर्दी झालीय, आणि मी रुमाल काढून दिले.

6. वर्गातला पहिला महिना: हात आवरा

शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. त्या वर्षी 1 एप्रिलपर्यंत वाढदिवस झालेली मुलं वरच्या गटात आणि 2 एप्रिलचं मूल खालच्या गटात. त्यामुळे एकाच वर्गात जवळजवळ एक वर्षाचा फरक असतो. यादीत जन्मतारखा बघून ठेवा. मार्चमध्ये जन्मलेल्या तीन वर्षांच्या मुलाकडून एप्रिलवाल्याची अपेक्षा करू नका.

माझ्या पहिल्या सोमवारी बुटांच्या कप्प्यांपाशी एक तीन वर्षांचा मुलगा खाली बसून घरातले बूट, उवाबाकी, घालत होता. एक पाय अर्धा आत, टाच बाहेर. पाठीमागे दहा मुलं, घंटा झालेली. ठाण्यात मी अशा वेळी दोन सेकंदांत बूट चढवून मुलाला वर्गात लावलं असतं. मी वाकले, तेवढ्यात जोडीदार बाईंनी माझ्या कोपराला हलकेच हात लावला. काही बोलल्या नाहीत. त्या त्याच्याजवळ गुडघ्यावर बसल्या आणि बघत राहिल्या. त्याने टाच ओढली, सुटली, पुन्हा ओढली. दोन्ही बूट चढले तेव्हा डावा उजव्यात गेला होता. तरीही त्या थांबल्या. त्याने स्वतःच खाली बघितलं. आईने दोन्ही बुटांच्या आतल्या कडेला सशाच्या चित्राचं अर्धं अर्धं स्टिकर लावलं होतं. बूट बरोबर पायात असले की ससा पूर्ण होतो. इथे सशाचे कान बाहेरच्या बाजूला गेले होते. त्याने बूट काढले आणि परत घातले. सगळे मिळून सात-आठ मिनिटं गेली.

याला ते ‘मिमामोरु’ म्हणतात, म्हणजे जवळ राहून, लक्ष ठेवून, मध्ये न पडता सांभाळणं. मला सगळ्यात कठीण गेलं ते हेच, आणि आपल्याकडून जाणाऱ्या प्रत्येकीला ते कठीण जातं असं मी बघितलं आहे. आपली माया हाताने व्यक्त होते. भरवणं, पुसणं, बटण लावून देणं. पहिल्या महिन्यात एक साधा नियम पाळा: हात पुढे करण्याआधी मनात वीस आकडे मोजा. त्यात मूल वळून बघेल, मदत मागेल, किंवा त्याचं त्याला जमेल.

भांडणातही तसंच. वाळूत एका फावड्यावरून दोघं ओढाताण करत असतील, तर जपानी बाई लगेच धावत नाहीत. मुलांना वाक्यं शिकवलेली असतात. ‘काशिते’, म्हणजे मला दे ना. ‘इइयो’, म्हणजे घे. किंवा ‘आतो दे’, म्हणजे नंतर. बहुतेक वेळा एखादी मोठी मुलगी मध्ये येते आणि न्याय करते. चावणं, डोळ्याला इजा, डोक्यावर मार यांची शक्यता दिसली की मात्र क्षणाचाही विलंब नको. ती ओळखण्यासाठी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं, म्हणून ही पद्धत दिसते तितकी आरामाची नाही. होइकुएनमध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एका बाईमागे 30 मुलं हे प्रमाण कित्येक दशकं होतं, 2024 मध्ये ते 25 वर आलं. एवढ्या मुलांत मुलांनीच एकमेकांना सांभाळायला शिकणं ही गरजही आहे.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने वर्तुळं फार सुंदर गिरवली, म्हणून मी लाल पेनाने मोठी बरोबरची खूण केली. तिचा चेहरा पडला आणि डोळे भरून आले. जपानमध्ये बरोबर उत्तराला गोल करतात, आणि आपली ती बरोबरची खूण बहुतेक वेळा चुकीसाठी वापरतात. फार छान असेल तर ‘हानामारु’ काढतात: गोलात चक्री आणि भोवती फुलाच्या पाकळ्या. त्या दुपारी मी कागदावर कागद भरून हानामारु गिरवले आणि दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत एक पानभर काढून दिला.

करंगळीचंही लक्षात ठेवा. माझ्या लहानपणी करंगळी दाखवली की कट्टी. तिथे मूल करंगळी पुढे करतं ते वचन मागण्यासाठी. तुमची करंगळी तिच्यात अडकवायची, गाणं म्हणत हलवायची आणि सोडायची. मग ते वचन पाळावंच लागतं. ‘उद्या मी पुन्हा तीच गोष्ट सांगेन’ असं करंगळीवर कबूल केलं असेल, तर दुसऱ्या दिवशी दुसरी गोष्ट चालत नाही.

रोज एक फेरी बागेत असते. रंगीत टोप्या, दोघा-दोघांनी हात धरून. थंडीतही मुलं अर्ध्या चड्डीत असतात. ‘मुलं ही वाऱ्याची लेकरं’ अशा अर्थाची म्हण आहे त्यांच्याकडे. शरद ऋतूत ओकची फळं, दोंगुरी, गोळा होतात. खिसे भरून येतात आणि आठवडाभर त्यांचीच मोजणी, माळा, भोवरे. मला हे बघताना कोसबाड आठवायचं. 1945 साली बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली, जिचं काम पुढे कोसबाडला गेलं, ती अशाच पानं, बिया, शंख-शिंपल्यांवर. जपानमध्ये पहिली सरकारी बालशाळा 1876 साली टोकियोत, आताच्या ओचानोमिझु विद्यापीठात निघाली, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या विचारावर. दोन्हीकडच्या बायांनी बाहेरून आलेलं ज्ञान आपल्या मातीत रुजवलं. मुलाखतीत बालशिक्षणातली तुमची बैठक विचारली, तर ताराबाई-अनुताईंबद्दल नक्की सांगा. ऐकणारे मन लावून ऐकतात, हा माझा अनुभव.

7. ताप, अ‍ॅलर्जी, भूकंप

तापाचा आकडा नीट समजून घ्या. आपल्या घरात थर्मामीटर फॅरनहाइटचा असतो आणि 99.5 दिसलं तर आपण ‘अंग जरा कोमट आहे’ म्हणून सोडून देतो. तेच सेल्सिअसमध्ये 37.5 होतं, आणि बहुतेक बालशाळांत 37.5 ला पालकांना फोन जातो. सकाळचं तापमान रोज वहीत लिहून येतं. नसेल लिहिलं तर मुलाला आत घेण्यापूर्वी मोजायचं.

आपला खाऊ मुलांना देऊ नका, दिवाळी असली तरी. शेंगदाण्याची चिक्की किंवा रव्याचा लाडू एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो. अंडं, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड हे घटक पाकिटावर लिहिणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे. त्यांची जपानी नावं वाचता यायला हवीत. दिवाळीला मी पणत्या रंगवून घ्यायचे, आणि घरून आणलेली रांगोळी सगळ्यांना पुरायची.

भूकंपाचा सराव बहुतेक ठिकाणी महिन्यातून एकदा असतो. मुलांना चार अक्षरं पाठ असतात: ओ, का, शि, मो. ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही. ही चार अक्षरं तुम्हालाही पाठ हवीत. माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर एकाच वेळी तो कर्कश इशारा वाजला. मी खिडकीपाशी उभी होते, हातात गोंदाची बाटली, आणि क्षणभर काही सुचेना. मुलं तोवर टेबलांखाली गेली होती, डोकं गुडघ्यांत घालून, अंगाचं मुटकुळं करून. एका मुलीने माझ्या झग्याचं टोक धरून मला खाली ओढलं. हादरा लहान होता, दिवे थोडे हलले आणि थांबले. त्या दिवसापासून मी बाहेर पडायची वाट, हजेरीचा तक्ता आणि डोक्यावरच्या जाड कापडी टोप्या कुठे आहेत, हे रोज सकाळी डोळ्यांखालून घालू लागले. नव्या शाळेत पहिल्या दिवशी हेच तीन प्रश्न विचारा. अँब्युलन्स आणि अग्निशमनाला 119, पोलिसांना 110.

आणखी एक. मुलाला चापट, कान पिळणं, कोपऱ्यात उभं करणं यातलं काहीही चालत नाही. शाळेत शारीरिक शिक्षेला 1947 च्या शिक्षण कायद्यानेच बंदी आहे. मुलांचे फोटो स्वतःच्या फोनमध्ये ठेवू नका, घरच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नका.

8. पालक

रोज प्रत्येक मुलाची वही, रेन्राकुचो, घरी जाते आणि परत येते. काही ठिकाणी आता त्याचं ॲप आहे. त्यात ‘छान खेळला’ एवढं लिहू नका. ‘आज दोंगुरी अकरापर्यंत मोजल्या, बारावी मित्राला दिली’ असं लिहा. आईवडील ती ओळ रात्री वाचतात. पडला, खरचटलं, तर कितीही छोटं असो, न्यायला येणाऱ्याला तोंडी सांगा, कुठे, कसं, काय लावलं, आणि आधी माफी मागा. माफी म्हणजे दोष कबूल करणं असं तिथे मानत नाहीत. काळजी पोहोचवायची ती रीत आहे.

जपानी पालक नाराजी तोंडावर सांगत नाहीत. ‘जरा...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडलं, तर तो नकार समजा आणि जोडीदार बाईंना विचारा.

9. पैसे, एकटेपण आणि मार्च

दुसऱ्या वर्षीच्या जूनसाठी पैसे बाजूला ठेवा. रहिवासी कर, जुमिनझेइ, आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर पुढच्या जूनपासून लागतो, करपात्र रकमेच्या सुमारे 10 टक्के. पहिल्या वर्षी तो दिसतच नाही, म्हणून पगार जास्त वाटतो. पेन्शनचे हप्ते कापले जात असतील तर पावत्या जपा. देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो, आणि भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे. दोन्हींपैकी तुमच्या फायद्याचं काय, ते निघण्याआधी पेन्शन कार्यालयात विचारा.

नोव्हेंबर-डिसेंबर जड जातो. साडेचारला अंधार पडतो, घरं आतून गार असतात. भारत साडेतीन तास मागे आहे, म्हणजे आईची रात्री आठची निवांत वेळ ही तुमची साडेअकरा. शनिवार-रविवारच्या सकाळी फोन ठरवून टाका. टोकियो मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाला पहिल्याच वर्षी जा, ओळख नसली तरी. माझ्या जवळच्या दोन मैत्रिणी मला तिथल्या आरतीच्या गर्दीत भेटल्या.

मार्चमध्ये मोठ्या गटाचा निरोप समारंभ असतो. जपानी बाया किमोनोवर हाकामा नेसून येतात आणि तुम्हाला साडी नेसायला सांगतील, तेव्हा एक चांगली साडी, पिना आणि शिवलेला ब्लाउज आधीपासून तिकडे असू द्या. सकाळी बोचरी थंडी असते, आतून उबदार कपडे घाला आणि बूट पिशवीत वेगळे न्या, कारण हॉलमध्ये चपला बदलाव्या लागतात. पहिल्या वर्षी समारंभ संपल्यावर मुलांना ही साडी किती लांब आहे ते बघायचं होतं. शाळेत माझी दुसरी एक साडी ठेवलेली होती. ती आम्ही जिन्यापासून बुटांच्या कप्प्यांपर्यंत पसरली आणि मुलांनी ती पावलांनी मोजली. कुणाची एकतीस पावलं भरली, कुणाची छत्तीस. तो सशाच्या स्टिकरवाला मुलगा लहान गटातला, तोही रांगेत होता. त्याची एकेचाळीस भरली, आणि वहीत मी तोच आकडा लिहिला.